डोंगरी सायकल : तिची झीज आणि तिचे आयुष्य
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत आपल्या गावांत एक नव्या धाटणीची सायकल दिसू लागली आहे. जाड, खवल्याखवल्यांचे टायर, दणके सोसणारा पुढचा फोर्क, चाकाच्या मध्याशी पोलादी तबकडीचा ब्रेक आणि मागच्या चाकाला दहा-बारा दातेरी चक्रांचा मनोरा, असे तिचे रूप असते. दुकानदार तिला 'माउंटन बाइक' म्हणतात. आपण तिला डोंगरी सायकल म्हणू. बेळगावची, पणजीची, इंदूरची वा हैदराबादची तरुण मुले रविवारी पहाटे ती घेऊन माळावर आणि घाटात जातात. त्यांतील चांगल्या सायकलीची किंमत स्कूटरच्या किमतीला सहज जाऊन भिडते. साहजिकच घरातील वडीलधारी माणसे विचारतात की, ही किती वर्षे टिकेल? आणि वर्षभरातच साखळी बदलायची वेळ आली, की उद्गार निघतो, "आमची सायकल तीस वर्षे चालली, हिला काय झाले?"

हा उद्गार अगदीच निराधार नाही; पण प्रश्न विचारण्याची रीत चुकते आहे. सायकलीच्या भागाचे आयुष्य वर्षांत मोजता येत नाही. फार काय, ते मैलांत किंवा किलोमीटरांतही नीटसे मोजता येत नाही. तो भाग कोणत्या मातीत, कोणत्या ओलीत, किती भार सोसत आणि किती तास फिरला, यावर ते ठरते. जुन्या सायकलीचे काम सपाट, बहुधा कोरड्या रस्त्यावर होते. तिची साखळी जाड, एकाच सरळ रेषेत धावणारी आणि पुष्कळदा चेनकव्हरच्या आड झाकलेली असे. चाकांवर मडगार्ड असत. डोंगरी सायकलीची साखळी उघडी असते. एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर उडी मारता यावी म्हणून ती अरुंद केलेली असते; बारा चक्रांच्या संचावर चालणारी साखळी बाहेरून मोजली तर सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास भरते. मडगार्ड बहुधा नसतातच. पुढचे चाक चिखल उडवते तो थेट साखळीवर जातो. तेव्हा दोघींची तुलना करणे म्हणजे कचेरीतल्या कारकुनाचा कोट आणि नांगरणाऱ्याचा सदरा यांची तुलना करण्यासारखे आहे.

या सायकलीच्या जन्मकथेतच झिजेची गोष्ट गुंफलेली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस फेअरफॅक्स नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या डोंगरातून वणवा विझवण्यासाठी काढलेला एक कच्चा रस्ता सुमारे दोन मैलांत १,३०० फूट खाली उतरतो. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली आणि त्यांच्या मित्रांनी या उतारावर घड्याळ लावून सायकलींची पहिली शर्यत घेतली. त्यांच्या सायकली १९३० आणि १९४० च्या काळातील जुन्या, जड, दणकट अशा होत्या. ब्रेक मागच्या हबच्या पोटात असे; पायडल उलट दिशेने दाबले की तो लागे. एवढा उतार उतरता उतरता तो हब इतका तापे की आतील ग्रीस वितळून त्याचा धूर निघे आणि हब कोरडा पडे. खाली पोहोचल्यावर हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेचेच नाव 'रीपॅक' पडले. पुढे १९७७ साली जो ब्रीझ यांनी अशा उतारांसाठी खास सायकल बांधली, कारखान्यांनी ती उचलली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये तिची शर्यत भरली. एखाद्या वाटेला तिथे झिजणाऱ्या यंत्रभागावरून नाव मिळावे, हे तसे विरळाच.

तो हब एवढा का तापत असे, याचा हिशेब सोपा आहे. स्वार आणि सायकल मिळून ९५ किलोग्रॅम वजन धरू. ४०० मीटर उंचीवरून ते खाली आणताना सुमारे पावणेचार लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. एक लिटरहून थोडे अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास ती पुरते. काही भाग वारा घेतो, काही जमीन घेते. उरलेली सारी उष्णता मुठीएवढ्या ब्रेकच्या वाट्याला येते, आणि तीही काही मिनिटांत. आजच्या तबकडीच्या ब्रेकने ही उष्णता उघड्यावर आणली, एवढाच फरक. उष्णतेचा हिशेब कोणत्याही कारागिराला चुकवता आलेला नाही.

आता सायकलीच्या भागांकडे वळू. माझ्या मते त्यांचे दोन वर्ग पाडले, तर पुष्कळसा गोंधळ मिटतो. पहिला वर्ग झिजणाऱ्या भागांचा. साखळी, दातेरी चक्रे, ब्रेकचे पॅड, टायर, बेअरिंगे हे या वर्गातले. ते हळूहळू पातळ होतात, सैल होतात, कुरकुरतात. जाण्यापूर्वी सूचना देतात. दुसरा वर्ग थकणाऱ्या भागांचा. हँडलचा दांडा, त्याला धरणारा स्टेम, बैठकीचा दांडा, पायडलची क्रँक आणि चौकट हे त्यात येतात. ते दिसायला जसेच्या तसे असतात आणि एके दिवशी तुटतात. पहिल्या वर्गाकडे दुर्लक्ष केले तर खिसा रिकामा होतो. दुसऱ्याकडे केले तर हात-पाय मोडतात. ब्रेक तेवढा दोन्हींकडे पाय ठेवून उभा आहे.

झिजणाऱ्यांत पहिला मान साखळीचा. साखळी 'ताणली' असे आपण म्हणतो. वस्तुतः पोलादाची पट्टी ताणली जात नाही. प्रत्येक कडीत एक पिन असते. कडी दातावर चढताना आणि उतरताना वाकते, तेव्हा ही पिन आपल्या भोवतीच्या कंगोऱ्यावर घासते. नव्या साखळीत एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. आजोबांच्या सायकलीतही ते तेवढेच होते. पिन झिजली की हे अंतर वाढते. कडीमागे अर्धा टक्का वाढ म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर, साधारण डोक्याच्या एका केसाची जाडी. एवढ्याने काय होते, असे वाटेल. परंतु चक्राचे दात अर्ध्या इंचाच्या हिशेबानेच कापलेले असतात. कडी लांबली की ती दाताच्या बुंध्याशी न बसता वर सरकून बसते, सारा भार एका-दोन दातांवर पडतो, आणि ते दात हळूहळू शार्कमाशाच्या परासारखे वाकडे होतात. म्हणजे झिजलेली साखळी एकटी मरत नाही; ती आपल्याबरोबर मागच्या चक्रांचा संच आणि पुढचे चेनव्हीलही घेऊन जाते.

ही झीज ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. पोलादी फूटपट्टी घ्यावी, तिचे शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवावे आणि चोविसाव्या कडीनंतरची पिन कोठे येते ते पाहावे. नव्या साखळीत ती बरोबर बारा इंचांवर येते. ती एक षोडशांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर पुढे गेली, की साखळी अर्धा टक्का लांबली असे समजावे. अकरा-बारा चक्रांच्या आधुनिक संचासाठी हीच बदलण्याची वेळ. कमी चक्रांच्या जुन्या संचात पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते. एक अष्टमांश इंचापर्यंत थांबलात, तर बहुधा दातेरी चक्रेही बदलावी लागतील. कारण खराब दातांवर नवी साखळी घातली की ती भारात दात सोडते. चढावर उभे राहून जोर लावताना साखळी निसटणे म्हणजे दांडीवर आपटणे, हे अनुभवी सायकलस्वाराला सांगायला नको.

साखळीवर काम किती पडते, याचीही कल्पना असावी. पुढचे चेनव्हील ३२ दातांचे, साखळी ११६ कड्यांची आणि पायडल मिनिटाला साठ फेरे घेत आहे असे धरले, तर साखळी ताशी जवळजवळ एक हजार वेळा पूर्ण फेरी मारते. शंभर तासांत एक लाख फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत प्रत्येक पिन पुढच्या चक्रावर, मागच्या चक्रावर आणि खालच्या दोन छोट्या चाकांवर चढताना व उतरताना वळते. त्या लक्षावधी वळणांत मध्ये तेल आहे की वाळू, यावरच सारे अवलंबून असते. म्हणूनच कोरड्या डांबरी रस्त्यावर तीन ते पाच हजार किलोमीटर चालणारी साखळी चिखलाच्या डोंगरवाटांवर हजार-दीड हजारातच संपते. हे आकडे ढोबळ आहेत. पण फरक किती पडतो ते त्यांवरून कळते.

आता माती. सायकलीची झीज ही बरीचशी भूगर्भशास्त्राची गोष्ट आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. खनिजांच्या कठीणपणाची एक दहा पायऱ्यांची श्रेणी आहे. तिच्यात गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सातव्या पायरीवर बसते. चाकूचे पोलाद साडेपाचच्या आसपास. ॲल्युमिनियम तर तीनच्याही खाली. साखळीच्या पिना विशेष कठीण केलेल्या असतात, तरी गारगोटीच्या कणांशी अहोरात्र झगडणे त्यांनाही जमत नाही. आणि आपली मराठी माणसांची गावे किती वेगवेगळ्या दगडांवर वसली आहेत पाहा. हैदराबादच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. तो कुजून जो मुरूम होतो, त्यात गारगोटीचे खडबडीत कण भरपूर. ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या डोंगरावर उभा आहे. तो दगड म्हणजे गारगोटीची वाळूच एकत्र घट्ट झालेली. अशा जागी सायकल कोरडी असली तरी साखळीला कानशीच लागत असते. उलट इंदूरचे माळव्याचे पठार काळ्या बेसाल्टचे. या दगडात गारगोटी जवळजवळ नाही. परंतु त्याची काळी माती पाण्याने फुगते आणि चिकटते. पावसाळ्यात ती टायर आणि चौकटीच्या फटीत अशी दाटून बसते की चाक फिरेनासे होते. जबरदस्तीने ओढले तर मागचा गिअर बदलणारा नाजूक भाग वाकतो किंवा चाकात ओढला जातो. तिथे झिजेपेक्षा मोडतोडीचे भय अधिक. बडोद्याच्या गाळाच्या मैदानात धूळ बारीक असते; ती तेलकट साखळीवर लेपासारखी बसते. बेळगावच्या पश्चिमेस व गोव्यात जांभा दगड, लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला. त्याची तांबडी धूळ सर्वत्र शिरते, आणि त्याचे गोल खडे उताराच्या वाटेवर टायरखाली छर्ऱ्यांसारखे घरंगळतात. शिवाय गोव्याला खारी हवा. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या भागात दोन पावसाळे ग्रीसवाचून राहिला, की तो पुढे पान्याला दाद देत नाही. बैठकीचा दांडाही चौकटीत असाच चिकटून बसतो. जोडताना ग्रीसचे एक बोट लावले असते तर ही वेळ येत नाही. कार्बनच्या भागांना मात्र ग्रीस नको. त्यांच्यासाठी वेगळी, पकड देणारी पेस्ट मिळते.

पाणी स्वतः झीज करत नाही. ते झीज करणाऱ्याला घरात घेते. पाण्याबरोबर कण आत शिरतात, तेल धुऊन जाते आणि गंज धरतो. म्हणून पावसात भिजलेली सायकल तशीच उभी करून ठेवू नये. धुवावी, पण पेट्रोल पंपावर मोटारी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने नव्हे. तो फवारा बेअरिंगांच्या रबरी पाळ्या उचलून पाणी आत घालतो आणि ग्रीस बाहेर काढतो. बाहेरून सायकल लखलखते, आत हब कोरडा पडतो. बादलीभर पाणी, मऊ ब्रश आणि जुने फडके एवढे पुरे. साखळी कोरडी पुसावी, प्रत्येक कडीच्या सांध्यावर तेलाचा एकेक थेंब घालावा, पायडल उलटे फिरवून ते मुरू द्यावे आणि मग बाहेरचे तेल पुन्हा पुसून टाकावे. हे शेवटचे पुसणेच पुष्कळजण टाळतात. तेलाची गरज पिनेला, म्हणजे आतल्या बाजूला आहे. बाहेर राहिलेले तेल धूळ गोळा करते. तेल आणि वाळू यांचे मिश्रण म्हणजे पॉलिशवाल्याची पेस्टच. गॅरेजमधले वापरलेले काळे इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून घालण्याची रीत आहे. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातुकण आधीच मिसळलेले असतात, तेव्हा ती काटकसर शेवटी महागात पडते.

टायरविषयी थोडक्यात सांगतो. मागचा टायर जोर लावतो म्हणून तो आधी झिजतो. पण वळणावर माणसाला पाडतो तो पुढचा. म्हणून नवा टायर घ्यायचा तो पुढे लावावा आणि पुढचा मागे न्यावा. डोंगरी टायरचे खवले मऊ रबराचे असतात. रोज डांबरावरून कचेरीला जाण्यासाठी ते वापरले तर माळावर जायच्या आधीच संपतात. ट्यूबशिवायच्या टायरात जे दुधी द्रव घालतात, ते रबराच्या चिकापासून केलेले असते. ते साधारण दोन ते सहा महिन्यांत सुकते आणि आपल्या उन्हाळ्यात आणखी लवकर. ते सुकले की काटा रुतला तरी भोक बुजत नाही. पुढच्या फोर्कच्या खालच्या नळ्यांतील तेल पन्नास तासांच्या वापरानंतर बदलावे, असे काही प्रमुख उत्पादक सांगतात. आठवड्याला तीन तास फिरणाऱ्यासाठी हे सुमारे चार महिने झाले. पुष्कळ ठिकाणी ते चार वर्षेही बदलले जात नाही. मग धुळीचे कण गुळगुळीत नळीवरचा कठीण थर खरवडतात. तो थर एकदा गेला की तेल बदलून परत येत नाही. नळ्याच बदलाव्या लागतात, आणि त्यांची किंमत अनेक वर्षांच्या तेलाहून अधिक असते.

आता ब्रेक. इथे बोलणे पैशाचे राहत नाही. तबकडीच्या ब्रेकमध्ये दोन पॅड तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटतात. पॅड मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. राळेत बांधलेले पॅड आवाज कमी करतात आणि थंड असतानाही चटकन धरतात, पण ओल्या रेतीत भराभर संपतात. एका चिखलाच्या शर्यतीत नवी जोडी पुरी झिजावी, असेही घडते. धातूची भुकटी भाजून घट्ट केलेले पॅड कर्कश वाजतात, पण उष्णता आणि चिखल अधिक काळ सोसतात. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने दुसरा प्रकार घ्यावा, मात्र आपली तबकडी त्यासाठी चालते का हे आधी पाहून घ्यावे. पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की तो बदललाच पाहिजे. त्यापुढे धातूची पाठ तबकडीवर घासते. तबकडीही झिजते. एका प्रसिद्ध जपानी उत्पादकाची तबकडी नवी असताना १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ वर ती बदलावी असे त्याने सांगितले आहे. तीन दशांश मिलिमीटर हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी मापक लागते, आणि ते कोणत्याही चांगल्या कारागिराकडे असते.

या ब्रेकमध्ये तारेऐवजी द्रव असतो आणि तोही म्हातारा होतो. काही ब्रेकांत मोटारींत वापरतात तसला द्रव असतो. तो हवेतील ओल शोषून घेतो. एका सर्वमान्य प्रतीचा द्रव कोरडा असताना किमान २६० अंशांवर उकळतो. ओल शोषल्यावर त्याचा उत्कलनबिंदू १८० अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे त्याचे प्रमाण आहे. म्हणजे ऐंशी अंशांचे संरक्षण नुसत्या हवेने हिरावून घेतले. लांब उतारावर द्रव उकळला की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि ब्रेकची मूठ हँडलपर्यंत येऊनही चाक थांबत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा द्रव वर्षातून एकदा बदलणे म्हणजे चैन नव्हे. दुसऱ्या जातीच्या ब्रेकांत खनिज तेल असते. ते ओल शोषत नाही, पण आत शिरलेले पाणी जड असल्यामुळे तळाशी, म्हणजे नेमके सर्वांत तापणाऱ्या जागी, जाऊन बसते. दोन्ही द्रवांची कधीही अदलाबदल करू नये; एकाची रबरी पाळी दुसऱ्यात टिकत नाही. आणि साखळीला तेल घालताना तबकडी झाकून घ्यावी. तेलाचा एक शिंतोडा पॅडमध्ये मुरला, की जाडी पुरेपूर असूनही तो निकामी होतो.

शेवटी थकणाऱ्या भागांकडे येतो. धातू थकतो ही कल्पना रेल्वेने शिकवली. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि अनेक प्रवासी प्राणास मुकले. एकदा सहज पेलता येणारा भार लक्षावधी वेळा दिला तर लोखंड का तुटते, हे पुढे प्रशियातील रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून मोजले. त्यातून उभ्या राहिलेल्या शास्त्राचा सारांश सायकलस्वाराने लक्षात ठेवण्याजोगा आहे. पोलादाला एक मर्यादा असते. तिच्याखालचे दणके ते जवळजवळ अखंड सोसते. ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. लहान दणकासुद्धा त्याच्या खात्यावर जमा होत राहतो. आजोबांची सायकल पोलादाची होती. नातवाचे हँडल बहुधा ॲल्युमिनियमचे आहे. म्हणून दहा-बारा वर्षे डोंगर उतरलेले हँडल, कितीही चकचकीत असले, तरी शंकेने पाहावे. पडझडीत वाकलेले हँडल सरळ करून कधीही वापरू नये. सरळ करणे म्हणजे त्याला आणखी एक मोठा दणका देणे होय. स्टेमच्या बोल्टांजवळ, पकडीच्या कडेशी आणि घामाने पांढरी बुरशी धरलेल्या जागी केसासारखी रेघ दिसते का, हे बोटाने आणि उजेडात तपासावे. बोल्ट आवळतानाही हात आवरावा. स्टेमचे बोल्ट बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचे असतात, आणि नेमका आकडा त्या भागावरच छापलेला असतो. कार्बनच्या भागांची गोष्ट आणखी वेगळी. ते रोजच्या दणक्यांनी फारसे थकत नाहीत, पण दगडावरचा एक धारदार आघात त्यांना आतून फोडू शकतो आणि वरचा रंग शाबूत राहतो. अशा आघातानंतर तो भाग जाणत्याला दाखवल्यावाचून उतारावर जाऊ नये.

हे सारे ऐकून सायकल नकोच, असे कोणाला वाटले तर माझे सांगणे फुकट गेले. मला सुचवायचे आहे ते इतकेच की तिचा हिशेब ठेवावा. घराघरांत दुधाचा आणि किराण्याचा हिशेब असतो. तशी एक छोटी वही सायकलीलाही लागते. कोणत्या दिवशी किती तास फिरलो, चिखल होता की कोरडे, साखळी कधी घातली, पॅड कधी बदलले, द्रव कधी भरला, एवढ्या नोंदी पुरेत. दर महिन्याला फूटपट्टी साखळीवर ठेवावी. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, पॅडमध्ये डोकावावे. साखळी वेळेवर बदलणाऱ्याचा चक्रांचा संच बहुधा दोन-तीन साखळ्या पाहतो. न बदलणाऱ्याला साखळी, संच आणि चेनव्हील या तिन्हींचे पैसे एकदम मोजावे लागतात. जुनी सायकल विकत घेणाऱ्यांनीही रंग आणि वर्ष विचारण्याऐवजी हीच वही मागावी. ती नसेल, तर साखळी, पॅड, टायर आणि फोर्कचे तेल हे सारे नव्याने घालावे लागणार असे धरून किंमत ठरवावी.

पावसाळा ओसरला की आमच्या भागात घाटवाटा हिरव्यागार असतात, दगड धुऊन निघालेले असतात आणि मुलांना घरात थांबवत नाही. थांबवूही नये. मात्र सबंध पावसाळा ओसरीवर उभी असलेली सायकल त्या पहिल्या रविवारी तशीच बाहेर काढू देऊ नका. आदल्या शनिवारी संध्याकाळी वडिलांनी आणि मुलाने मिळून तासभर तिच्यापाशी बसावे. साखळी मोजावी, पॅड पाहावेत, हँडलवरून बोट फिरवावे आणि ब्रेकची मूठ दाबून ती कोठवर येते ते पाहावे. ती हँडलपर्यंत येत असेल, तर त्या रविवारी घाट नको. सोमवारी कारागिराकडे जावे. घाट पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे.